व्हॅक्यूमची लाईन आम्लाच्या नावावर निवडू नका

बडोद्याभोवती नंदेसरी, रणोली, पादरा, पोर-रमणगामडी, सावली या पट्ट्यात छोट्या-मध्यम रासायनिक कारखान्यांची दाटी आहे. त्यांतल्या अनेक ठिकाणी नवा प्लांट उभा राहताना पैसे कुठे जातात ते पाहा. रिअ‍ॅक्टर ग्लासलाइनचा येतो, कंडेन्सर ग्राफाइटचा किंवा काचेचा येतो, पंपासाठी तीन-चार कोटेशनं मागवली जातात. कंडेन्सरपासून रिसीव्हर आणि तिथून इजेक्टरपर्यंत जाणारी व्हॅक्यूमची लाईन मात्र शेवटच्या आठवड्यात, स्टोअरमध्ये जो पाइप असेल त्यातून उभी केली जाते. मग सहा महिन्यांनी व्हॅक्यूम ७०० एमएमवरून ६४० वर येतो, बॅच चार तासांनी लांबते, माल काळवंडतो आणि दोष पंपाला दिला जातो. ही लाईन कशी निवडावी आणि तिचे सांधे कसे असावेत, हे अशा प्लांटमध्ये काम करणाऱ्या इंजिनिअर, फिटर आणि मालकांसाठी इथे लिहितो आहे.

रसायनांचं काम या शहराला नवं नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, त्यामागे त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. १९०७ मध्ये अलेम्बिकची सुरुवात झाली, तेव्हा गज्जरांसोबत कोटीभास्कर आणि अमीन होते. पुढे फर्टिलायझरनगर, कोयलीची रिफायनरी, रणोलीला गुजरात अल्कलीज आली. ग्लासलाइनची भांडी बनवणारे कारखाने तासाभरावर विठ्ठल उद्योगनगर-करमसदला आहेत आणि पीपी-एफआरपीचं काम करणारे फॅब्रिकेटर मकरपुऱ्यात आहेत. योग्य वस्तू मिळत नाही, ही सबब इथे चालत नाही.

निवडीची सुरुवात बहुतेक जण चुकीच्या प्रश्नापासून करतात: ‘आम्ल कोणतं?’ हायड्रोक्लोरिक असेल तर तक्त्यात पीपीसमोर ‘उत्तम’ लिहिलेलं असतं, आणि तिथेच काम संपतं. व्हॅक्यूमच्या लाईनमध्ये विचारायचं ते असं: आम्ल कुठे थेंब होतं, तिथे ते किती टक्क्यांचं असतं आणि किती गरम असतं? लाईनचा मोठा भाग वाफेचाच असतो. नुकसान होतं ते जिथे वाफ थंड होऊन चिकटते तिथे: उघड्यावरचा एल्बो, आधार न मिळाल्याने वाकलेला पाइपचा पोटाचा भाग, व्हॉल्व्हच्या खालचा खळगा. हायड्रोजन क्लोराइड वायू कोरडा असताना साधं पोलादही बराच काळ तग धरतं. त्यात एखाद्या गॅस्केटमधून बडोद्याची जुलैतली दमट हवा आत आली की तोच वायू पाणी ओढून घेतो आणि खळग्यात तीव्र आम्लाचं डबकं होतं. त्यातलं पाणी आणि आम्ल उडत-निवळत राहतात, तरी डबकं पूर्ण सुकत नाही. वातावरणाच्या दाबाला सुमारे २० टक्क्यांचं हे मिश्रण १०८-१०९ अंशांना आहे त्या प्रमाणातच उकळतं. व्हॅक्यूममध्ये आकडे थोडे बदलतात, स्वभाव तोच राहतो. म्हणून कोरड्या वायूसाठी म्हणून टाकलेली एमएस लाईन पहिल्या पावसाळ्यातच चाळण होते.

गंधकाम्लाचं उलटं आहे, आणि त्यात फसगत जास्त होते. ९८ टक्के आम्ल लोखंडी टाकीत वर्षानुवर्षं राहतं, कारण पोलादावर आयर्न सल्फेटचा थर बसून तो आतल्या धातूला जपतो. हे पाहून कोणी, वायू गंधकाम्लातून सुकवणाऱ्या ड्राइंग पॉटनंतरची लाईनही लोखंडी ठेवतो. त्या लाईनमध्ये उडून आलेले थेंब आत शिरणाऱ्या हवेतला ओलावा शोषून पातळ होतात. पातळ गंधकाम्लासमोर तो थर विरघळतो, लोखंड खाल्लं जातं आणि वर हायड्रोजन सुटतो. तो हायड्रोजन थेट पंपाकडे ओढला जातो, हे लक्षात ठेवा.

स्टेनलेस स्टीलबद्दलचा गैरसमज तर जुनाच आहे. ‘३१६ टाका, आम्लाला चालतं’ हे वाक्य नायट्रिकच्या जगातून आलेलं आहे. पातळ ते मध्यम तीव्रतेच्या नायट्रिकसाठी ३०४एल उत्तम काम करतं. हायड्रोक्लोरिकसमोर ३१६ सुद्धा टिकत नाही. क्लोराइडमुळे आधी टाचणीसारखी भोकं पडतात, आणि गरम व ताणलेल्या ठिकाणी तडे जातात. उलट तीव्र नायट्रिकला पीपी चालत नाही, तिथे पीव्हीडीएफ किंवा टेफ्लॉन लागतं. हायड्रोफ्लोरिक जरी थोडं असलं तरी काच, ग्लासलाइन आणि काचेच्या धाग्याचं एफआरपी हे तिन्ही बाद होतात.

आता या भागातल्या कारखान्यांचा खरा प्रश्न. इथले बरेच प्लांट बहुउत्पादनी आहेत. चार रिअ‍ॅक्टर आणि एक सामाईक व्हॅक्यूम हेडर. एका रिअ‍ॅक्टरमधून आज हायड्रोक्लोरिकची वाफ येते, दुसऱ्यातून टोल्युइन, पुढच्या महिन्यात तिसऱ्यातून अमोनिया किंवा एखादं अमाइन. हेडर हे सगळं एकत्र पाहतो. पीव्हीसी हायड्रोक्लोरिकला उत्तम, पण एमडीसी, ईडीसी, अ‍ॅसिटोन यांच्या वाफेने ते मऊ पडून फुगतं. पीपी गरम टोल्युइनने फुगतं. पीव्हीडीएफ जवळपास सगळ्या आम्लांना पुरून उरतं, पण कॉस्टिक, अमाइन आणि अ‍ॅसिटोन त्याला मानवत नाहीत. म्हणून कॉस्टिक स्क्रबरला जोडणाऱ्या तुकड्यात ते टाकताना दोनदा विचार करा. हायड्रोक्लोरिक आणि अमोनिया एकाच हेडरमध्ये भेटले की अमोनियम क्लोराइडची पांढरी भुकटी बसते आणि चार इंची लाईन आतून दोन इंची होते. हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिकची वाफ एकत्र आली तर कुठलंही स्टेनलेस विसरा.

म्हणून माझं ठाम मत आहे की आम्लाच्या रिअ‍ॅक्टरला सामाईक हेडर देऊ नये. त्याला स्वतंत्र छोटा इजेक्टर, स्वतंत्र कॅच पॉट आणि स्वतंत्र लाईन द्या. खर्च थोडा वाढतो. पण सामाईक हेडर ठेवायचाच असेल तर तो काचेचा किंवा टेफ्लॉन-लाइन्ड असायला हवा, आणि तेवढ्या पैशात दोन वेगळ्या पीपी-एफआरपी लाईन होतात.

मटेरियल ठरलं तरी काम अर्धंच झालं. दाबाच्या लाईनमध्ये पाइप फुटेल का, हे पाहतात. इथे पाइप चेपेल का, ते पाहायचं असतं. पूर्ण व्हॅक्यूमला बाहेरची हवा दर चौरस मीटरवर सुमारे १० टन भार टाकते. गोल पाइपची चेपण्याविरुद्धची ताकद भिंतीची जाडी आणि व्यास यांच्या गुणोत्तराच्या घनाने बदलते. म्हणजे जाडी निम्मी केली की ताकद आठव्या हिश्श्यावर येते. थंड पीव्हीसी पाइपची भिंत व्यासाच्या विसाव्या हिश्श्याइतकी असेल तर तो आदर्श गोल अवस्थेत सुमारे ८ बार बाहेरचा दाब सोसतो. हीच भिंत चाळिसाव्या हिश्श्याइतकी झाली की तो १ बारला चेपतो, आणि बाहेर नेमकी १ बारचीच हवा उभी असते. शेतीच्या ४ किलोच्या पाइपची भिंत याच्या आसपास किंवा त्याहून पातळ असते. तो पाइप गोदामात कितीही चांगला दिसला तरी व्हॅक्यूमला लावू नका. वर सांगितलेले आकडे पूर्ण गोल, थंड, नव्या पाइपचे आहेत. उन्हात थोडा लंबगोल झालेला पाइप त्याच्या बराच आधी बसतो.

उष्णता हा याहून मोठा शत्रू आहे. ८० अंशांना पीपीचा ताठपणा थंड अवस्थेच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येतो, आणि महिनोन्‌महिने भार राहिला तर त्याहून खाली जातो. गरम वाफेच्या पीपी लाईनसाठी एसडीआर ११ चा, म्हणजे भिंत व्यासाच्या अकराव्या हिश्श्याइतकी असलेला पाइप घ्या. एसडीआर १७ चा, म्हणजे आपल्याकडे ज्याला ६ किलोचा म्हणतात तो, थंड टोकाला ठीक आहे. कंडेन्सरच्या अलीकडे नको. पीव्हीसी ६० अंशांच्या वर नेऊ नका. सीपीव्हीसी ८०-९० पर्यंत चालतं, पण तिथे त्याची ताकद चौथाईच उरते. पीपीच्या पत्र्यातून वळून वेल्ड केलेले मोठ्या व्यासाचे पाइप असतील तर बाहेरून ठरावीक अंतरावर रिंगा हव्यातच, किंवा वर एफआरपीचं आवरण.

पीपी-एफआरपी हा या कामाला मला सगळ्यात पटणारा मेळ आहे: आम्लाला आतून पीपी, ताकदीला बाहेरून एफआरपी. त्याची खरी परीक्षा दोन थरांच्या पकडीत असते. पीपीला राळ सहज चिकटत नाही. बाहेरच्या बाजूला काचेचं कापड रुतवलेला पीपी पत्रा वापरला, किंवा पृष्ठभागावर नीट प्रक्रिया केली, तरच पकड बसते. हे वगळलं तर एफआरपी जागच्या जागी उभं राहतं आणि आतला पीपी व्हॅक्यूमने सुटून आत येतो. बाहेरून काही कळत नाही, फक्त व्हॅक्यूम कमी मिळतो. ऑर्डर देताना ‘पीपी-एफआरपी’ एवढंच लिहू नका. ‘पूर्ण व्हॅक्यूम, अमुक तापमानाला’ असं लिहा आणि पकड कशी दिली आहे ते फॅब्रिकेटरला विचारा.

टेफ्लॉन-लाइन्ड पाइपचाही तोच धोका आहे. अस्तर लोखंडाला चिकटवलेलं नसतं, नुसतं घट्ट बसवलेलं असतं. व्यास वाढला आणि तापमान वाढलं की त्याची व्हॅक्यूम सोसण्याची क्षमता घटते. बनवणाऱ्याच्या तक्त्यात व्यासागणिक, तापमानागणिक वेगळा आकडा असतो, तोच मागा. बाहेरच्या लोखंडाला बारीक भोकं असतात. अस्तरातून हळूहळू पाझरलेला वायू बाहेर जावा म्हणून ती ठेवलेली असतात. रंगारी ती बुजवतो, मग वायू मागे साठतो आणि व्हॅक्यूम लागताच अस्तर आत कोसळतं. रंगकाम संपलं की प्रत्येक भोक स्वतः पाहा. अशा पाइपवर सपोर्टसाठी कधीही वेल्डिंग करू देऊ नका, आणि टोकांची लाकडी झाकणं फ्लॅंज जोडायच्या क्षणापर्यंत काढू नका, नाहीतर टेफ्लॉनची दुमडलेली कडा परत उलगडते.

ज्वलनशील सॉल्व्हंट असेल तर आणखी एक अट आहे: प्लास्टिक आणि साधं टेफ्लॉन वीज वाहून नेत नाहीत. स्थिर विजेची ठिणगी टाळण्यासाठी अँटी-स्टॅटिक अस्तर, प्रत्येक लोखंडी तुकड्याला अर्थिंग, आणि व्हॅक्यूम तोडताना हवेऐवजी नायट्रोजन. या तिन्हींत तडजोड नाही.

आता सांधे. व्हॅक्यूमच्या लाईनमध्ये गळती जमिनीवर ठिबकत नाही, ती आत जाते. म्हणून ती कोणाला दिसत नाही आणि महिनोन्‌महिने राहते. चांगला सांधा म्हणजे मुळात नसलेला सांधा. तीन मीटरचे तुकडे टाळून सहा मीटरचे घ्या, दोन एल्बोंऐवजी लांब बेंड घ्या, ‘पुढे लागेल’ म्हणून टी काढून ठेवू नका. प्रत्येक ब्लाइंड फ्लॅंज ही हवेची एक वाट आहे.

आट्यांचे सांधे प्लास्टिकमध्ये मी अजिबात मान्य करत नाही. आटे पाडले की भिंत पातळ होते, आणि टेफ्लॉन टेपने झाकलेली फट पहिल्या तापण्या-निवण्यात उघडते. पीपी आणि पीव्हीडीएफसाठी मशीनवर केलेला बट फ्यूजन सांधा सर्वांत भरवशाचा. गरम हवेच्या बंदुकीने रॉड लावून केलेलं वेल्डिंग करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतं. ते लाईनच्या मुख्य सांध्यांना नको. पीव्हीसी-सीपीव्हीसीचा सिमेंटचा सांधा चांगला, पण सिमेंट पूर्ण वाळायला वेळ द्या, आणि स्क्रबरच्या हायपो किंवा कॉस्टिकच्या लाईनला साधं सिमेंट वापरू नका. त्यात घट्टपणासाठी घातलेली सिलिका या द्रवात खाल्ली जाते. त्यासाठी वेगळं सिमेंट मिळतं.

फ्लॅंज लागतातच, तिथे गॅस्केटकडे लक्ष द्या. जुन्या सवयीचं सीएएफ गॅस्केट आम्लात कुजतं. पातळ मऊ रबर व्हॅक्यूमने आतल्या बाजूला ओढलं जातं. टेफ्लॉनच्या खोळीतलं रबर किंवा एक्स्पांडेड टेफ्लॉन हे माझ्या मते योग्य पर्याय. सलग टेफ्लॉन थंडीतही हळूहळू पसरतं, म्हणून पहिली गरम बॅच संपल्यावर लाईन थंड झाली की बोल्ट पुन्हा आवळा, समोरासमोरच्या जोडीने, टॉर्क रेंचने. दोन फ्लॅंजमधली फट बोल्टने ओढून बंद करायचा प्रयत्न कधीच करू नका. काचेच्या लाईनमध्ये तर ते तडा जाण्याचं आमंत्रणच आहे. काचेचे बोल्ट अगदी हलक्या, ठरवून दिलेल्या टॉर्कवरच ठेवतात.

काचेच्या लाईनला बेलो लागतो, पण व्हॅक्यूममध्ये तो स्वतःच ओढला जातो. १०० मिलिमीटर व्यासावर ही ओढ किमान ८० किलो असते, २०० मिलिमीटरवर ३२० किलोंच्या वर. बेलोला आतल्या रिंगा आणि मर्यादा घालणारे दांडे नसतील तर हे सगळं वजन शेजारच्या काचेच्या नोझलवर येतं. व्हॉल्व्ह निवडताना डायफ्रॅम व्हॉल्व्हचा पडदा व्हॅक्यूमला जागेवरून उचलला जातो का ते विचारा, आणि ग्लॅंड पॅकिंग असलेला व्हॉल्व्ह शक्यतो टाळा.

उन्हाचाही हिशोब धरा. पीपी दर मीटरला दर अंशाला साधारण ०.१५ मिलिमीटर वाढतं. २० मीटरच्या लाईनमध्ये ३५ अंशांचा फरक पडला की १०० मिलिमीटरच्या वर वाढ होते. ती घ्यायला वळण किंवा सरकणारा सपोर्ट नसेल तर लाईन पोटात वाकते, आणि सुरुवातीला सांगितलेलं डबकं तिथेच तयार होतं. लाईन सतत कॅच पॉटकडे उतरती ठेवा. सर्वांत खालच्या बिंदूला ड्रेन द्या, आणि तो ड्रेन व्हॅक्यूममध्येही रिकामा करता येईल अशी दोन व्हॉल्व्हची व्यवस्था ठेवा. वॉटर जेट इजेक्टर आणि रिसीव्हर यांच्यामध्ये कॅच पॉट आणि नॉन रिटर्न व्हॉल्व्ह दोन्ही हवेत. वीज गेली की टाकीतलं पाणी उलटं चढतं, आणि पलीकडे थायोनिल क्लोराइड किंवा तीव्र गंधकाम्ल असेल तर काय होईल ते सांगायची गरज नाही.

लाईन बांधून झाल्यावर ड्रॉप टेस्टशिवाय ती ताब्यात घेऊ नका. सगळं कोरडं करा, व्हॅक्यूम ओढा, पंपाचा व्हॉल्व्ह बंद करा आणि दर मिनिटाला काटा लिहा. आतला निरपेक्ष दाब साधारण ४०० एमएमच्या खाली असेपर्यंत भोकातून येणारी हवा जवळपास सारख्याच वेगाने येते, म्हणून आलेख सरळ रेषेत चढला तर गळती आहे. चढून सपाट होत गेला तर आत ओल किंवा सॉल्व्हंट शिल्लक आहे. ५ घनमीटरच्या यंत्रणेत १० मिनिटांत १० एमएम चढ म्हणजे तासाला साधारण अर्धा किलो हवा आत येते. जागा शोधायला सांध्यांवर साबणाचा दाट फेस लावा, तो जिथे आत ओढला जाईल तिथे फट आहे. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या लाईनमध्ये दाबाने हवा भरून चाचणी करू नका. ती फुटली तर तुकडे दूरवर उडतात.

पंप किंवा पाइपला दोष देण्याआधी पाण्याचं तापमानही पाहा. ३२ अंशांच्या पाण्याचा बाष्पदाब ३६ एमएम असतो, ४० अंशांना ५५. जुलैत बडोद्यात हवेचा दाबच ७५० एमएमच्या आसपास उतरतो. इजेक्टरच्या टाकीतलं पाणी, आम्ल कॉस्टिकने मारताना निघालेल्या उष्णतेने ४० अंशांवर गेलं असेल, तर गेजवर ६९५ च्या वर काही दिसणार नाही, लाईन कितीही घट्ट असली तरी.

शेवटची गोष्ट फिटरसाठी आणि त्याला परमिट देणाऱ्यासाठी. व्हॅक्यूमच्या लाईनमध्ये दाब नाही म्हणून ती निर्धोक आहे, असं धरून लोक चष्म्याशिवाय फ्लॅंज उघडतात. खळग्यात साचलेलं आम्ल बोल्ट सैल होताच खाली येतं, आणि ते बहुधा वर पाहणाऱ्या चेहऱ्यावर येतं. आधी नायट्रोजनने व्हॅक्यूम तोडा, ड्रेन रिकामा करा, लाईन पाण्याने धुवा; मात्र आत थायोनिल क्लोराइड किंवा तीव्र गंधकाम्ल असेल तर धुण्याची पद्धत आधी लेखी ठरवा. मग पूर्ण चेहऱ्याची ढाल आणि आम्लाचे हातमोजे घालून, स्वतःपासून लांबच्या बाजूचा बोल्ट आधी सैल करा. हे चार टप्पे परमिटवर छापून घ्या, आणि पहिले तीन पूर्ण झाल्याशिवाय बोल्टला हात लावायच्या परमिटवर सही करू नका.